दोन उजवे बैल

जू खळ्यात मांडलेलं होतं आणि त्याच्या एकाच टोकाशी दोन बैल उभे होते.

यिर्सावला आधी वाटलं, आपला दामा गर्दीला बुजला. जुंपणी बघायला दोन्ही गावं लोटली होती, पोरं युकॅलिप्टसच्या फांद्यांवर लटकली होती, आणि दामाने आयुष्यात इतकी माणसं फक्त बाजारात पाहिली होती. म्हणून यिर्सावने त्याला मागे घेतलं, मान खाजवली आणि नवरीचा बाप, यजमान व्याही वासे याला म्हणाला की आधी तुमचा बैल लावून घ्या. वासेने आपल्या बोराला जुवाच्या डाव्या टोकाला नेऊन उभं केलं. बोरा तिथे क्षणभर थांबला. मग त्याने जुवाला सावकाश वळसा घातला, पुन्हा उजवीकडे आला आणि मान खाली करून उभा राहिला. दामानेही तेच केलं. आपल्या जागेवर दुसरा उभा पाहून त्याने बोराच्या पुठ्ठ्याला डोकं लावलं. त्यात राग नव्हता. बाकावर बसलेल्या माणसाला आपण जरा सरका म्हणतो, तेवढंच.

पहिली हसली ती यिर्सावची बहीण, आत्या त्रुवर्क. नवरा गेल्यावर माहेरी परत आल्यापासून ती भावाच्या घरात कुणालाच घाबरत नसे.

"दोन्ही उजवे," ती म्हणाली. "मान मोठा हवा ना दोघांना, घ्या आता."

मग हळूहळू खळंभर हसू पसरलं. ज्यांना उघड हसायची चोरी होती ते अंगावर पांघरलेल्या गाबीचा पदर तोंडावर ओढून हसले.

हसण्यासारखंच होतं. सोयरीक ठरली की नवऱ्याकडून एक बैल येतो आणि नवरीकडून एक, दोन्ही तोलामोलाचे. पंचांसमोर दोघांना एका जुवाला जुंपायचं आणि एक तास, म्हणजे नांगराची एक लांब रेघ, ओढून दाखवायचा. तास निघाला की लग्न, नाही निघाला तर थांबा. आता वासेकडे एक जोडी, यिर्सावकडे एक जोडी. दोघांनीही मनाशी म्हटलं होतं की पोरांना देताना हात आखडायचा नाही, जोडीतला मानाचा तोच द्यायचा. आणि मानाचा म्हणजे उजवा. खोंडाच्या वयात ज्याला ज्या अंगाला लावलं तो जन्मभर त्याच अंगाला चालतो, हे ज्यांच्या हाताला शेण लागलंय त्या प्रत्येकाला ठाऊक. फक्त मोठेपणाच्या भरात दोघांनाही ते आठवलं नव्हतं. समोरचा डावा आणेल, असं दोघेही धरून चालले होते.

पंचांतले थोरले बिरारा यांनी डोळे पुसले आणि निवाडा केला. दोघांपैकी एकाने उजवा परत न्यावा आणि घरचा डावा आणावा. लग्न रविवारी आहे, सोमवारी पंचावन्न दिवसांचा मोठा उपास लागतो, उपासात लग्न नाही. आणि उपास सुटेस्तोवर नांगरटीचे दिवस निघून जातील. पोरांसाठी गावाने उतारावरचा तुकडा राखलाय, तो काही कुणाच्या रुसव्यासाठी पडीक राहणार नाही, दुसऱ्याच्या जोताखाली जाईल. एवढं बोलून त्यांनी जेवणाची वेळ झाल्याची आठवण करून दिली.

यिर्साव वासेकडे बघत राहिला. वासे आभाळाकडे बघत राहिला.

"आमच्या घरातून डावा गेला, हे माझ्या नातवंडांनी ऐकायचं का?" यिर्साव शेवटी म्हणाला.

"आणि माझी पोरगी डावा घेऊन आली, असं तुमच्या गावाने तिला ऐकवायचं?" वासे म्हणाला.

बिरारा म्हणाले की पोटात काही पडल्यावर माणसं शहाणी होतात.

*

जेवण झालं, घरी आंबवलेल्या बार्लीच्या बिअरचा, तेल्ल्याचा आंबूस वास आवारभर पसरला, पण शहाणपण काही कुणाला आलं नाही. उलट यिर्सावच्या घरातच दोन तट पडले, आणि तेही त्याला अपेक्षित नव्हते तसे.

थोरला लाकेव आपल्या बाजूने असणार, हे यिर्सावने गृहीत धरलेलं. आजवर बापाच्या शब्दाबाहेर न गेलेला पोरगा. पण लाकेव त्याला कुंपणाकडे घेऊन गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला की बाबा, आपणच डावा देऊन टाकू. वाद मिटेल. व्याह्यांचं समाधान होईल. धाकट्याचं लग्न मार्गी लागेल. इतकी कारणं एकदम ऐकून यिर्सावला संशय आला.

"आणि दामा?"

"दामा मग राहील घरी," लाकेव म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचे कान लाल झाले.

"भावाच्या लग्नात स्वतःचं जोत सांभाळतोस होय रे."

लाकेवने नाकारलं नाही. नांगरतो तोच, जोडीतला दमदार दामा गेला तर उद्या उरलेल्या डाव्याला घेऊन तो काय करणार होता? यिर्सावला राग आला आणि त्याचं म्हणणं पटलंही, म्हणून राग जास्त आला.

नवरा मुलगा अबेजे मात्र सगळ्यांपासून लांब बसला होता. त्याने जेवणही नीट केलं नव्हतं. आत्या त्रुवर्कने त्याच्या पुढ्यात इंजेराच्या मऊ भाकरीचा घास करून धरला, तेव्हा तो इतकंच म्हणाला की आत्या, मला एक बैल दिला तरी चालेल, दुसऱ्या अंगाला मी लागतो. आत्याने तो घास त्याच्या तोंडात कोंबला आणि हीच गोष्ट तिने पुढे तासाभरात चार घोळक्यांत सांगितली. चौथ्या घोळक्यापर्यंत ती गोष्ट अशी झाली होती की अबेजे खरोखरच जुवाला मान लावून उभा राहिला होता. आत्याचं म्हणणं होतं की चूक तिच्या भावाची आहे, कारण पाहुण्याने यजमानाचा मान राखावा अशी तो घरी एवढी शिकवण देतो, मग इथे पाहुणा आपण आहोत, तर झुकायचंही आपणच. सख्खी बहीण व्याह्यांच्या पंगतीत बसून असं बोलते, हे यिर्सावने लांबून ऐकलं आणि तेल्ल्याचा पेला तोंडाला लावला.

*

लाकेवची बायको स्नेदू बाळाला घेऊन वासेच्या घराच्या मागे गेली. बाळाला दात येत होते, बायकांच्या घोळक्यात ते कुणाच्याही गळ्यातला दोरा चावायचं. मागे जरा सावली होती, आणि गोठ्याच्या भिंतीशी नवरी होती.

नवरीने आज बाहेर दिसायचं नसतं. एतालेमने डोक्यावरून गाबी ओढलेली होती, पण हात कोपरापर्यंत पेंढ्यात होते. समोर एक करडा बैल उभा होता. दिसायला साधा, एक शिंग किंचित खाली वळलेलं, वशिंड बेताचं. ती मूठभर पेंढा पुढे करायची आणि तो इतक्या सभ्यपणे खायचा की तिची बोटं ओलीही होत नव्हती.

स्नेदूने भिंतीला पाठ टेकून बाळाला पाजायला घेतलं. बाळाने दोन घोट घेतले, बैलाकडे बघितलं आणि दूध पिणंच विसरलं.

"हा घरचा डावा का गं?" तिने विचारलं.

"शेगा," एतालेम म्हणाली. "याची आई व्याली आणि त्याच दिवशी गेली. मी बोट बुडवून बुडवून दूध पाजलं. माझं बोट अजून ओळखतो." मग थोड्या वेळाने, बैलाच्या कपाळाशी बोलल्यासारखं, ती म्हणाली, "बोरा दिसायचा बैल आहे, वहिनी. ओढतो हा. बोराला चढावर धाप लागली की हा चार पावलं दोघांचं ओझं घेतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. उतारावरचा तुकडा तुम्ही पाहिलाय?"

स्नेदूने पाहिला होता. उभा चढ, आणि दगड जमिनीतून उगवल्यासारखे. तिच्या मनात आलं की ही पोरगी लग्नाची स्वप्नं बघत नाही, नांगरटीची बघते, आणि आपल्या दिराचं बरं होणार आहे.

"मग सांग ना वडिलांना."

"नवरीने बोलायचं असतं का?"

बाळ पुन्हा प्यायला लागलं होतं, आणि ते पितं तेव्हा स्नेदूला जगातले सगळे तंटे सुटण्यासारखेच वाटत.

"नवरीने नाही बोलायचं," ती म्हणाली. "वासेच्या मुलीने बोलायला कुणी बंदी केलीय? रविवारपर्यंत तू तीच आहेस."

एतालेमने उरलेला पेंढा शेगापुढे धरला. पण पेंढा संपला तरी तिचा हात शेगाच्या कपाळावरच राहिला. मग ती हळूच म्हणाली की अडचण लोकांची नाही, बाबांची आहे. आज सकाळी त्यांनी बोराला आंघोळ घातली, शिंगांना लोणी चोळलं, गावाला दाखवत खळ्यावर नेलं. शेगाला मात्र पहाटेच मागे आणून बांधलं आणि त्याच्यापुढे चारा टाकताना त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"जे द्यायचं नसतं ते माणूस असंच लपवतं," ती म्हणाली.

*

वासेला घरात गुदमरत होतं. बायको देब्रितू कॉफी भाजत होती. पळीने दाणे हलवता हलवता ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्याचा अर्थ त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून कळत होता.

"लोक म्हणतात तुम्ही मानासाठी अडून बसलात," ती म्हणाली.

"मानासाठीच."

"मान कुठला आलाय. तुम्हाला शेगा सोडवत नाही."

वासेने सांगितलं की असलं काही नाही. बैल तो बैल. आणि आपण तर त्याहून देखणा, त्याहून मोठा बैल देतोय, सगळ्या गावाने पाहिलं. देब्रितूने दाण्यांचा धूर त्याच्याकडे सरकवला, पाहुण्याकडे सरकवतात तसा, आणि विचारलं की मग डोळ्यांत पाणी का आलं. धुराने, तो म्हणाला. धूर आत्ता आला, ती म्हणाली.

"पोरगी देववते आणि बैल देववत नाही?"

वासेने दाराबाहेर डोकावून पाहिलं. मग त्याने खरं ते सांगून टाकलं, कारण बाहेर ऐकायला कुणी नव्हतं.

"पोरगी सणाला येईल. रुसली तर येईल, बाळंतपणाला येईल. बैल कधी माहेरी येतो का गं?"

देब्रितूला हसू आलं आणि तिने ते आवरलं नाही. तिच्या नवऱ्याने नांगरताना त्या बैलाला कधी चाबूक लावला नव्हता. चाबूक हवेत वाजायचा तो बोरासाठी. शेगाशी तो बोलायचा. पाऊस, शेजारी, बाजारभाव, बायकोच्या तक्रारीही, हे तिला ठाऊक होतं, कारण वारा घराकडचा असला की ऐकू यायचं. त्या तक्रारी ऐकून बैलाने मान हलवली की नाही, एवढंच तिला कधी कळलं नव्हतं.

"उतारावर बोराला धाप लागेल," ती कॉफी कुटायला घेत म्हणाली. "तेव्हा तुमची पोरगी दगड वेचत मागे उभी असेल."

*

कॉफीचा दुसरा पेला चालू होता आणि बिरारा पंचांना सांगत होते की उपासानंतर बघू, तेवढ्यात बायकांची कुजबुज थांबली. एतालेम खळ्यात आली होती. डोक्यावर गाबी होती, चेहरा अर्धा झाकलेला होता, आणि मागून शेगा येत होता. त्याला दोर नव्हता. तो नुसता तिच्या खांद्याशी नाक धरून चालत होता.

ती बापासमोर थांबली. पंचांकडे किंवा सासऱ्याकडे तिने पाहिलं नाही.

"बाबा, मला उजवा नको," ती म्हणाली. "मला हा द्या."

एवढंच. पण खळ्यात एवढी शांतता झाली की शेगाने फुरफुर केलेलीही शेवटच्या रांगेत ऐकू गेली.

यिर्सावला आधी आनंद झाला. जिंकलो, असं त्याच्या मनात आलं. आमचा उजवा, त्यांचा डावा, आणि तेही त्यांच्याच पोरीच्या तोंडून. त्याने बहिणीकडे बघितलंसुद्धा, तिची जिरली की नाही ते पाहायला. मग त्याची नजर व्याह्याच्या चेहऱ्यावर गेली. यिर्सावने आयुष्यात पुष्कळ बैल विकले होते, आणि काही विकायला काढूनही विकले नव्हते. कुठला बैल दारातून काढताना माणसाचा असा चेहरा होतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

वासे उठला. शेगाची मान त्याने हाताच्या कडेने पुसली, जणू तिच्यावर धूळ होती.

"घे," तो म्हणाला.

पंचांतल्या एकाने बिरारांच्या कानाला लागून आठवण केली की आता दोन्ही बाजू समान नाहीत. डाव्याच्या बाजूने एखादी मेंढी तरी वाढवायला हवी. बिरारांनी तोंड उघडलं. पण यिर्साव आधी बोलला.

"काही वाढवायचं नाही. कमी असेल तर आमच्याकडचं आहे."

आत्या त्रुवर्कने भावाकडे असं बघितलं की जणू तो आत्ताच जन्मला. लाकेव तर उघड नाराज झाला. दामा गेलाच होता, आणि आता बापाने मोठेपणाही घालवला, असा त्याचा हिशेब. स्नेदूने बाळ त्याच्या हातात दिलं. बाळ हातात असलं की तो भांडत नाही, हा तिचा अनुभव.

खळ्याला लागून असलेल्या वावराच्या तोंडाशी दामा उजवीकडे लागला, शेगा डावीकडे. मानेच्या दोन्ही अंगांना जुवाच्या शिवळा बसल्या, गळ्याखालची जोती आवळली. अबेजेने नांगराच्या मुठीचं रुमणं धरलं, चाबूक वाजवला, हाकारलं. दामाने पाय उचलला. शेगा जागचा हलला नाही. तो मान वळवून वासेकडे बघत होता. अबेजेने पुन्हा हाकारलं, मग नावाने बोलावलं, मग विनवलं. पोरं फांद्यांवरून खिदळायला लागली. बिरारा म्हणाले, अंधार पडायच्या आत झालं तर बरं.

वासे दोन पावलं बाजूला सरकला. शेगाची मान त्याच्याबरोबर वळली. तो झाडाच्या पलीकडे गेला तर एक कान त्या दिशेला फिरला. तेव्हा वासेने खळं सोडलं. कुंपण ओलांडून, पेंढ्या रचलेल्या उडवीच्या मागे जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून तो उभा राहिला. खोकला आला होता तोसुद्धा त्याने गिळला, कारण तो खोकलाही शेगाच्या ओळखीचा होता.

त्याला दिसत काही नव्हतं. मुलीचा आवाज ऐकू आला. तिने हाकारलं नाही. ती बोलत होती, काय ते कळत नव्हतं, पण बोलण्याचा ठेका वासेचाच होता, पावसाचा, शेजाऱ्यांचा, बाजारभावाचा. मग जू करकरलं. मग माती फुटल्याचा आवाज आला, आणि बायकांनी जिभा फिरवून असा काही गजर केला की उडवीतली चिमणी उडाली.

यिर्साव हातात दोन पेले घेऊन उडवीमागे आला. त्याने एक वासेला दिला आणि तोही खळ्याकडे पाठ करून शेजारी उभा राहिला, कारण व्याही पाठमोरा असताना आपण बघत उभं राहणं त्याला बरं दिसेना. दोघांनी थोडा तेल्ला प्यायला. यिर्साव म्हणाला की घरी त्याचा डावा आता एकटा आहे आणि इथे बोरा एकटा. तेव्हा यंदा दोघांनी एकमेकांचं नांगरावं, एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. वासे म्हणाला, बघू. यिर्साव म्हणाला, रुमणं हवं तर तुम्ही धरा. वासे म्हणाला, मीच धरणार.

गजर थांबला होता. आता नुसती फाळाची खरखर येत होती, लांब जात असलेली.

"तास सरळ आहे का?" वासेने विचारलं.

यिर्सावने उडवीच्या कडेने डोकावलं. "वाकडा आहे. आमच्या पोराने धरलाय, सरळ कुठला यायला."

"शेगा मागे बघतोय का?"

यिर्सावने पुन्हा डोकावलं. या वेळी त्याने जरा जास्त वेळ घेतला.

"नाही," तो म्हणाला. "चाललाय आपला."

"बरं झालं," वासे म्हणाला. त्याने पेला संपवला आणि तळाचा गाळ मातीवर ओतला. "आणि पोरगी?"

"ती बघतेय."

मग मात्र वासे वळला.